भिकार-सावकार

चार दिवस झड लागली, की शेतात पाय ठेवता येत नाही. वाफसा नाही म्हणून खुरपणी अडते, फवारणी अडते. अशा वेळी ओसरीवर सतरंजी पसरते आणि कोनाड्यातला पत्त्यांचा कॅट खाली येतो. मोठी माणसे मेंढीकोट मांडतात, पोरे बदाम सात खेळतात, आजी नातवंडांना घेऊन गुलामचोर खेळते. आणि घरातल्या सर्वांत धाकट्यासाठी भिकार-सावकार असतोच.

भिकार-सावकार खेळायला अक्कल लागत नाही. हातातल्या गड्डीतले वरचे पान टाकत जायचे आणि पान जुळले की खालची रास उचलायची. घटकेत एकजण सावकार होतो, घटकेत दुसरा. डाव मोडला की सगळी पाने एकाच डबीत जातात आणि सावकार व भिकारी दोघे शेजारी शेजारी जेवायला बसतात.

याच पानांवर पैसे लावले, की गोष्ट बदलते. डाव मोडल्यावर पाने डबीत जातात, पण गेलेला पैसा परत येत नाही. मग भिकारी खरोखरीचा होतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही.

पत्ते खेळूच नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. तसे सांगून कुणी ऐकतही नाही. पण तीन पानांचा डाव, ज्याला कुणी तीन पत्ती म्हणतो, कुणी तिर्रट, आणि शिकलेल्या पोरांच्या तोंडी अलीकडे आलेला पोकर, हे खेळ नेमके चालतात कसे आणि नवखा माणूस त्यात कुठे फसतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. हिशेब कळला, तर निम्मे संकट टळते.

खेळ जुना, दुखणेही जुने

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ फार दूर नाही. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आपण जातोच. पुढच्या खेपेला लेण्यांत जाल, तेव्हा चौदाव्या आणि एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यांत जरा थांबून पाहा. शिव-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती शिवगणांचा दंगा चालला आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ज्या कारागिरांनी हा डोंगर कोरला, त्यांना नवरा-बायकोचा खेळ ही कोरून ठेवण्याजोगी गोष्ट वाटली. त्या खेळात कुणीही हरले तरी हरलेले घरातच राहते.

दुसरा डाव हस्तिनापुरात झाला. त्यात हरलेले घराबाहेर गेले. राज्य गेले, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली. धर्मराजासारखा शहाणा माणूस एकेक डाव हरत गेला आणि पुढच्या डावात सगळे परत मिळेल, या आशेवर बसून राहिला.

त्याहूनही जुने म्हणजे ऋग्वेद. त्याच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बायको दुरावली, सासू तोंड फिरवते, कर्जामुळे रात्री दुसऱ्याच्या घराकडे जावे लागते, असे तो आपले रडगाणे सांगतो. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो असा, की फासे सोड आणि आपली शेती कर. इतक्या जुन्या काळीही जुगारावरचा उतारा म्हणून शेतीचेच नाव घेतले गेले, ही आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पोळ्याच्या रात्रीची गोष्ट

माझ्या आजोळी, कन्नड तालुक्यात, एक गोष्ट घडली. मी तेव्हा लहान होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाने बैलांची खांदेमळणी केली. पोळ्याला शिंगे रंगवली, झुली घातल्या, मारुतीच्या पाराला फेरी झाली. संध्याकाळी मामीने बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली. आम्ही पोरे दमून झोपलो.

त्या रात्री देवळामागे तीन पानांचा डाव बसला होता. सणाचा डाव म्हणून मामाही गेला. त्याला पत्त्यांचे व्यसन नव्हते. वर्षातून एक-दोनदा बसायचा, एवढेच.

सकाळी मी अंगणात आलो तेव्हा शेजारच्या गावचा एक माणूस दोर घेऊन उभा होता. त्याने आमचा डाव्या जूचा बैल सोडला. शिंगांचा रंग ओला होता आणि कपाळावरचे कुंकूही तसेच होते. मामा भिंतीला टेकून बसला होता. मामी घरातून बाहेर आलीच नाही. बैल वळून वळून गोठ्याकडे पाहत होता.

एका बैलाचे औत चालत नाही. त्या वर्षी शेजाऱ्याशी सावड करून मामाने कशीबशी ज्वारी पेरली, पण आपली पेरणी शेजाऱ्याची झाल्यावरच करावी लागली. ओल गेली आणि पीक अर्धे आले. दुसरा बैल घ्यायला तीन वर्षे लागली.

पुढे मी मोठा झाल्यावर एकदा धीर करून मामाला विचारले, "मामा, त्या रात्री उठला का नाहीत?" मामा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लेकरा, पहिले दोन डाव मी जिंकलो. तिथंच हरलो. मला वाटलं, आपल्याला हे जमतंय."

जमतंय असे वाटणे आणि जमणे, यांत फरक किती आहे ते आकड्यांत पाहू.

तीन पानांचा हिशेब

बावन्न पानांतून तीन पाने किती प्रकारे येऊ शकतात? बावीस हजार शंभर प्रकारे. त्यांची वाटणी अशी आहे:

तिन्ही पाने सारखी, म्हणजे तीन एक्के, तीन राजे, तीन दुर्ऱ्या वगैरे: ५२ प्रकार.
एकाच रंगाची ओळीने तीन पाने, म्हणजे बदामची सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी: ४८ प्रकार.
वेगवेगळ्या रंगांची ओळीने तीन पाने: ७२० प्रकार.
ओळ नाही, पण तिन्ही एकाच रंगाची: १,०९६ प्रकार.
जोडी: ३,७४४ प्रकार.
यांपैकी काहीच नाही, नुसते एखादे मोठे पान: १६,४४० प्रकार.

शंभर वेळा पाने उचलली, तर चौऱ्याहत्तर वेळा हातात काहीच नसते. सतरा वेळा जोडी येते. पाच वेळा एकरंगी आणि तीन वेळा साधी ओळ. ज्या दोन हातांची रात्रभर वाट पाहिली जाते, ती एकरंगी ओळ आणि तीन सारखी पाने, ही दोन्ही मिळून २२१ हातांत सरासरी एकदा येतात.

म्हणजे नशीब कितीही चांगले असले, तरी चारातल्या तीन वेळा पाने खाली ठेवण्याजोगीच असतात. ज्याला पाने खाली ठेवता येत नाहीत, त्याला हा खेळ येत नाही.

नवखा कुठे चुकतो

१. तो प्रत्येक डाव खेळतो. पाने खाली ठेवली तर लोक भित्रा म्हणतील, असे त्याला वाटते. शिवाय बसलोच आहोत तर खेळू, असेही असते. पण पाऊस नसताना कुणी पेरणी करत नाही, आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. हातात काही नसेल, तर पहिल्याच खेपेला पाने ठेवावीत. त्यात नुकसान सर्वांत कमी होते.

२. टाकलेल्या पैशाकडे पाहून तो आणखी टाकतो. "एवढे गेले, आता मागे कसा सरू?" हा प्रश्नच चुकीचा आहे. पहिली पेरणी उगवली नाही, तर दुबार पेरणी करायची की नाही, हे आपण पुढचा पाऊस आणि पुढचा खर्च पाहून ठरवतो. गेलेले बियाणे परत येत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. डावातही तसेच आहे. मधल्या राशीत पडलेला पैसा आता आपला राहिला नाही. पुढचा रुपया टाकण्याजोगा आहे का, एवढेच पाहायचे.

३. हरलेले भरून काढायला तो दुप्पट लावतो. दहा रुपये हरले की वीस, वीस हरले की चाळीस. कधीतरी जिंकूच आणि सगळे वसूल होईल, असा हा हिशेब. कागदावर मांडून पाहा. ओळीने दहा डाव हरले, तर दहावा डाव ५,१२० रुपयांचा होतो आणि तोवर एकूण १०,२३० रुपये गेलेले असतात. अकरावा डाव १०,२४० रुपये लावून जिंकला, तरी पदरात निव्वळ दहा रुपये पडतात. दहा रुपयांसाठी वीस हजारांची जोखीम कुणी शहाणा घेईल का?

४. पानांना आठवण असते, असे तो समजतो. "मघापासून हरतोय, आता माझी पाळी." पाने पिसून काटली की मागचे सगळे पुसले गेले. दहा डाव हरलेल्याला अकराव्या डावात चांगली पाने येण्याची शक्यता पहिल्या डावाइतकीच असते. एक वर्ष पडीक टाकलेली जमीन पुढच्या वर्षी जास्त देते, कारण जमिनीत कस साठतो. पत्त्यांत काही साठत नाही.

५. न बघता खेळणे ही मर्दुमकी समजतो. तीन पानांच्या डावात पाने न बघता खेळणारा जेवढे टाकतो, त्याच्या दुप्पट पाने बघितलेल्याला टाकावे लागतात. त्यामुळे न बघणे स्वस्त पडते, हे खरे. पण नवखा दोन्हीकडून मार खातो. आधी न बघता पैसे टाकत राहतो, मग पाने बघतो, ती भिकार निघतात, तरीही मान राखायला दुप्पट टाकतो.

६. पिऊन, रागाने किंवा झोप अनावर झालेली असताना खेळतो. मामाच्या त्या डावात बैलाचा सौदा पहाटे झाला होता. भर दिवसा, चहा पिताना, कुणी त्याला बैल मागितला असता, तर त्याने त्या माणसाला अंगणाबाहेर काढले असते.

७. उधारीवर खेळतो. हे सर्वांत वाईट. खिशातले संपले की खेळ संपतो, ही खेळाची नैसर्गिक हद्द आहे. उधार देणारा ती हद्दच पुसून टाकतो. असा उधार देणारा मित्र नसतो. त्याची नजर आपल्या कापसाच्या पट्टीवर असते.

८. शेजारी कोण बसले आहे, हे पाहत नाही. अड्ड्यावर दोघे आतून एक असले, की तिसरा कितीही हुशार असो, मरतोच. एक पाने वाटतो, दुसरा रास वाढवत नेतो. मधला नवखा आपल्या जोडीवर खूश असतो. पहिले दोन-तीन डाव त्याला मुद्दाम जिंकूही देतात.

नाल नावाची गळती

आता अशी गोष्ट पाहू, जी खेळणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. अड्डा चालवणारा स्वतः खेळत नाही. तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. त्याला नाल म्हणतात.

समजा, पाच जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. सतरंजीवर एकूण पाच हजार. तासाला वीस डाव झाले आणि प्रत्येक डावात सरासरी दोनशे रुपये जमले, तर तासाची उलाढाल चार हजार झाली. नाल शेकडा पाच धरली, तर तासाला दोनशे रुपये अड्डेवाल्याकडे गेले. पाच तासांत हजार. म्हणजे एका माणसाने आणलेला सगळा पैसा नाहीसा झाला, आणि तो कुणीच जिंकला नाही.

पाटाच्या चारीला भोक असावे, तसे हे आहे. पाणी कुणाच्या वाफ्यात किती गेले, यावर पाचजण भांडतात आणि भोकाकडे कुणी पाहत नाही. असेच पंचवीस तास खेळले, तर पाचांचे पाच हजार संपतात. सगळे सारखेच हुशार असले, सगळे प्रामाणिक असले, तरीही संपतात. रोज जिंकून घरी जाणारा अड्ड्यावर एकच असतो, आणि तो पत्त्याला हात लावत नाही.

पोकर म्हणजे काय

पोकर हा आपल्या तीन पानांच्या डावाच्या नात्यातला खेळ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून तो पसरला. आज गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटींवरही तो चालतो. त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार असा: प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि मधली पाच, अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच जमतात, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे टाकायचे किंवा पाने ठेवायची.

या खेळात हिशेबाला तीन पत्तीपेक्षा जास्त जागा आहे. एक उदाहरण पाहा, पण पैशाऐवजी चिंचोके धरू. तुमच्या हातात बदामची दोन पाने आहेत. मध्ये चार पाने उघडी पडली, त्यांत बदामची दोन. आणखी एक बदाम आले, तर पाच बदाम जमून डाव तुमचा होईल असे समजा. न पाहिलेली पाने उरली ४६. त्यांत बदाम ९. म्हणजे साधारण पाच वेळांत एकदा बदाम येणार.

राशीत शंभर चिंचोके आहेत आणि पुढचे पान पाहायला तुम्हाला पन्नास टाकावे लागणार आहेत. असे पाच वेळा केले, तर चार वेळा पन्नास-पन्नास, म्हणजे दोनशे जातील आणि एकदा शंभर येतील. तोटा. पाने ठेवा. पण वीसच टाकायचे असतील, तर चार वेळा मिळून ऐंशी जातील आणि एकदा शंभर येतील. मग टाकायला हरकत नाही.

बाजार समितीत भाव पाहून माल विकायचा की थांबायचे, हे आपण असेच ठरवतो. मिळण्याची शक्यता किती आणि त्यासाठी मोजावे लागेल किती, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. पोकरमध्ये शिकण्याजोगे काही असेल तर ते एवढेच, आणि ते शिकायला चिंचोके पुरतात.

खिशातला अड्डा

पूर्वी अड्ड्यावर जायला गावाबाहेर जावे लागे. लोक पाहतील अशी लाज असे. मोबाइल आला आणि अड्डा अंथरुणात आला. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. तो एक माणूस आहे की चार जण मिळून खेळताहेत, की माणूसच नाही, हे कळत नाही. पाने कोण पिसतो, हे दिसत नाही. नोटा मोजून द्याव्या लागत नाहीत, बोट लावले की खाते रिकामे. सुरुवातीला फुकट रक्कम देतात. ती मामाचे पहिले दोन डाव समजावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, चालवण्यास त्याने बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात गुन्हेगार धरलेले नाही. म्हणून फसलेल्याने लपून राहू नये. कायदा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. पण परदेशात बसून चोरून चालवणारे अजून आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेला पैसा परत मिळवणे फार अवघड. फोनवर अशी फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

कायदा काय म्हणतो

सतरंजीवरच्या जुगाराला आपल्या राज्यात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. अड्डा चालवणे गुन्हा, अड्ड्यावर सापडणे गुन्हा, आणि पारावर, रस्त्यावर, सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणे हाही गुन्हा. निव्वळ कौशल्याचे खेळ या कायद्यातून वगळले आहेत. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रमीत पाने लक्षात ठेवणे, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवणे याला कौशल्य लागते. तीन पानांचा डाव मात्र निव्वळ नशिबाचा. पोकरविषयी न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. तेव्हा "हा कौशल्याचा खेळ आहे, याला कायदा नाही," असे कुणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. म्हणून जुगारातल्या देण्यापोटी कुणी कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक किंवा जमिनीचे कागद मागत असेल, तर देऊ नयेत. आधी घरात सांगावे, मग जाणत्या वकिलाला विचारावे.

घरातल्यांनी काय करावे

माणूस रात्री उशिरा येऊ लागला, फोन पालथा ठेवू लागला, मालाची पट्टी दाखवायला टाळू लागला, किरकोळ गोष्टीवरून चिडू लागला, की समजावे काहीतरी चालले आहे. अशा वेळी चारचौघांत पाणउतारा करू नये. लाज वाटलेला माणूस हरलेले भरून काढायला पुन्हा तिथेच जातो. एकांतात बसवून एकच विचारावे, "किती गेले, ते खरे सांग." खरा आकडा एकदा बाहेर आला, की तो कितीही मोठा असो, त्यावर उपाय सुरू होतो. कर्जाच्या ओझ्याने मन खचले असेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे फुकट सल्ला मिळतो.

आणि पत्ते खेळायचेच असतील, तर घरी खेळावेत. प्रत्येकाला पन्नास चिंचोके मोजून द्यावेत. संपले की त्याने उठून चहा ठेवावा. कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत. डाव किती वाजता मोडायचा, ते बसतानाच ठरवावे. बायका-मुलांनाही डावात घ्यावे. पोरांना गुणाकार, भागाकार आणि शेकडेवारी यांची गोडी लागते, ती वेगळीच.

माझ्या मामाने पुढे आयुष्यभर पैशाने पत्ते खेळले नाहीत. पण पत्ते सोडलेही नाहीत. सुट्टीत आम्ही पोरे जमलो, की तो चिंचोक्यांचे गाडगे घेऊन ओसरीवर बसायचा. पाने वाटायचा आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहायचा. कुणी भिकार पाने धरून हट्टाने चिंचोके टाकू लागला, की त्याचा हात धरून म्हणायचा, "ठेव खाली. खाली ठेवायला शिक. बाकी सगळं आपोआप येतं."

मामी आत चुलीपाशी असायची. मामाचे ते वाक्य ऐकू आले, की तिच्या लाटण्याचा आवाज क्षणभर थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.